ह्यूगोने फोल्डरची वेबसाइट करताना: पायऱ्यांचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

ह्यूगो म्हणजे साध्या मजकुराच्या फाइलींपासून वेबसाइट बनवणारं सॉफ्टवेअर. ते वापरणाऱ्यांच्या अडचणी बहुतेक वेळा त्याच त्या असतात. लेख लिहिला, पण साइटवर येत नाही. घरच्या संगणकावर सगळं व्यवस्थित दिसतं, पण साइट चढवल्यावर रंग आणि मांडणी गायब होते. काढून टाकलेला लेख महिनाभराने अजूनही उघडतो. यात सॉफ्टवेअर क्वचितच चुकतं. एखादी पायरी तिच्या जागी झालेली नसते आणि तिचा फटका दोन-तीन पायऱ्या पुढे गेल्यावर बसतो. म्हणून हा लेख क्रमाला धरून लिहिला आहे. तो याच क्रमाने वाचा आणि प्रत्येक तपासणी झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

कामाची रीत अशी: ‘कंटेंट’ नावाच्या फोल्डरात तुम्ही साध्या मजकुराच्या फाइली ठेवता. ह्यूगो त्या थीमच्या साच्यात बसवतो आणि तयार पानं ‘पब्लिक’ नावाच्या फोल्डरात काढून देतो. डेटाबेस नसतो, ॲडमिनचं लॉगिनही नसतं. कंटेंट म्हणजे हस्तलिखित आणि पब्लिक म्हणजे छापून आलेली प्रत. दुरुस्ती नेहमी हस्तलिखितात करायची, पब्लिकमधल्या फाइलींना हात लावायचा नाही. तिथे केलेला बदल पुढच्या वेळी पुसला जातो.

खाली आज्ञा, सेटिंग आणि फाइल-फोल्डरांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती इंग्रजी अक्षरांत करायची.

## तयारी: सॉफ्टवेअर उतरवण्याआधी

मजकूर युनिकोडमध्ये आहे का ते बघा. जुने लेख श्रीलिपी, कृतिदेव किंवा एपीएससारख्या फॉन्टात टाइप केलेले असतील, तर ते आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. तो मजकूर नोटपॅडमध्ये चिकटवून बघितला की लगेच कळतं: मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसली, तर तो युनिकोड नाही. बदलून झाल्यावर रफार, ‘क्ष’, ‘ज्ञ’ आणि जोडाक्षरं डोळ्यांखालून घाला. परिवर्तक बहुधा तिथेच चुकतात.

फोल्डरची जागा ठरवा. ड्राइव्हच्या मुळाशी, इंग्रजी अक्षरांतलं, मोकळी जागा नसलेलं छोटं नाव द्या. वनड्राइव्ह किंवा गूगल ड्राइव्हच्या सिंक होणाऱ्या फोल्डरात साइट ठेवू नका. ह्यूगो सतत फाइली बनवत आणि बदलत असतो आणि सिंक मध्ये आलं की फाइल अडकून पडते. बॅकअप घ्यायचाच, पण वेगळा.

फाइलचं शेपूट दिसू द्या. विंडोजमध्ये ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ दाखवण्याची खूण चालू करा. ती बंद असेल तर नोटपॅड ‘लेख.एमडी.टीएक्सटी’ अशी फाइल बनवतो, तुम्हाला मात्र ती ‘लेख.एमडी’च (एमडी म्हणजे मार्कडाउन, साध्या मजकुरात खुणा करून लिहायची पद्धत) दिसते आणि ह्यूगो तिला लेख मानत नाही. व्हीएस कोडसारखा एडिटर वापरलात तर हा त्रास होत नाही. वर्डमध्ये मात्र लेख फाइल करू नका.

## १. ह्यूगो बसवणं

विंडोजवर विंगेटने, मॅकवर होमब्रूने बसवा (दोन्ही आज्ञा देऊन सॉफ्टवेअर बसवणारी साधनं). ह्यूगोच्या एकाहून जास्त आवृत्त्या मिळतात, जसं साधी आणि एक्स्टेंडेड. एक्स्टेंडेडच घ्या, कारण अनेक थीमना लागणारं ‘सास’चं (पानाची सजावट लिहिण्याची एक भाषा) काम तिच्यात होतं. उबुंटू आणि डेबियन या लिनक्सच्या प्रकारांच्या सॉफ्टवेअर-भांडारातली ह्यूगो बऱ्याचदा जुनी असते. मग थीम ‘किमान आवृत्ती’ मागून अडून बसते. तिथे ह्यूगोच्या गिटहबवरच्या (प्रोग्रामचा कोड ठेवायची साइट) पानावरून ताजी फाइल घेणं चांगलं.

ह्यूगोवर डबल-क्लिक करून काही होत नाही. तो टर्मिनलमधूनच, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीतूनच, चालवायचा.

तपासणी: टर्मिनलमध्ये ‘ह्यूगो व्हर्जन’ लिहा. उत्तरात आकड्यानंतर ‘एक्स्टेंडेड’ हा शब्द दिसला पाहिजे. तो आकडा कुठेतरी लिहून ठेवा, सातव्या टप्प्यात लागेल.

## २. साइट तयार करणं आणि सेटिंगची फाइल

‘ह्यूगो न्यू साइट’ आणि पुढे साइटचं नाव लिहिलं की फोल्डरांचा सांगाडा तयार होतो: आर्किटाइप्स, कंटेंट, लेआउट्स, स्टॅटिक, थीम्स वगैरे. बाहेर ‘ह्यूगो.टॉमल’ ही सेटिंगची फाइल असते. जुन्या मार्गदर्शकांत तिचं नाव ‘कॉन्फिग.टॉमल’ असतं, काम तेच.

या फाइलीत पहिल्याच दिवशी चार गोष्टी भरा:

- बेसयूआरएल: साइटचा पूर्ण पत्ता, ‘एचटीटीपीएस’पासून शेवटच्या तिरप्या रेघेपर्यंत. फाइलीत आधीपासून एक नमुन्याचा पत्ता असतो. तो तसाच राहिला की काही थीमची सजावटीची फाइल त्या परक्या पत्त्यावर शोधली जाते आणि साइट उघडीबोडकी दिसते.
- टाइटल: साइटचं नाव. देवनागरीत खुशाल लिहा.
- भाषा: ‘डीफॉल्टकंटेंटलँग्वेज’ला ‘एमआर’ ही किंमत द्या. थीम नीट लिहिलेली असेल तर महिन्यांची नावं मराठीत येतात.
- टाइमझोन: ‘एशिया/कोलकाता’. दुबईत किंवा लंडनमध्ये राहत असाल तर तिथला. ही ओळ बहुतेक मार्गदर्शकांत नसते. ती का हवी ते पाचव्या टप्प्यात येईल.

सावधान: टॉमलमध्ये (सेटिंग लिहिण्याची ही पद्धत) ओळींचा क्रम महत्त्वाचा आहे. चौकटी कंसातलं शीर्षक, उदाहरणार्थ ‘पॅराम्स’, एकदा आलं की त्याखालची प्रत्येक ओळ त्या गटातली मानली जाते. म्हणून फाइलीच्या तळाशी ‘थीम’ किंवा ‘टाइमझोन’ची ओळ चिकटवली की ती ‘पॅराम्स’च्या पोटात जाते. ह्यूगो चूक दाखवत नाही आणि सेटिंग लागूही होत नाही. मुख्य ओळी कायम वर, गट खाली.

## ३. पत्ते आधी ठरवा

हा टप्पा लोक गाळतात आणि मला सगळ्यांत महत्त्वाचा हाच वाटतो. थीम कधीही बदलता येते, फॉन्ट बदलता येतो, होस्टिंगही. पण लेखाचा पत्ता एकदा लोकांकडे गेला की तो बदलणं म्हणजे पाठवलेले सगळे दुवे तोडणं.

काही वेगळं सांगितलं नाही तर ह्यूगो फोल्डर आणि फाइल यांच्या नावांवरून पत्ता बनवतो. फाइलचं नाव देवनागरीत दिलं तर पत्ता देवनागरीत येतो आणि ब्राउझरच्या पट्टीत छान दिसतो. पण तो कॉपी करून व्हॉट्सॲपवर किंवा मेलमध्ये चिकटवला की बहुतेक वेळा टक्क्याच्या चिन्हांत उलगडतो. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८मध्ये (युनिकोड साठवण्याची पद्धत) ३ बाइट घेतं आणि प्रत्येक बाइट पत्त्यात ३ अक्षरं होऊन येते. ‘पुणे’ या शब्दात प, उकार, ण आणि मात्रा अशी ४ चिन्हं आहेत, म्हणजे पत्त्यात ३६ अक्षरं. पाच-सहा शब्दांचं शीर्षक असेल तर पत्ता चार-पाच ओळींचा होतो आणि बघणाऱ्याला तो फसवा दुवा वाटतो.

म्हणून फोल्डर आणि फाइलची नावं इंग्रजी लहान अक्षरांत, दोन-तीन शब्दांची, मध्ये हायफन देऊन ठेवा. शीर्षक मराठीत, पत्ता रोमनमध्ये.

दोन सापळे इथेच आहेत. ‘परमालिंक्स’मध्ये (पत्त्याचा साचा ठरवणारं सेटिंग) ‘:स्लग’ (लेखाच्या पत्त्यासाठी दिलेलं छोटं नाव) वापरलं आणि लेखात स्लग लिहायला विसरलात, तर ह्यूगो शीर्षकावरून पत्ता बनवतो, म्हणजे पुन्हा देवनागरी. नवख्याने परमालिंक्सच्या वाटेला जाऊच नये, फाइलच्या नावावरचा पत्ता पुरेसा असतो. दुसरा सापळा ‘रिमूव्हपाथअ‍ॅक्सेंट्स’ हे सेटिंग. ते युरोपीय भाषांसाठी आहे. चालू केलं तर फाइलनावातले उकार, मात्रा आणि अनुस्वार उडतात. ‘पुणे’चं ‘पण’ होतं. ते बंदच असू द्या.

## ४. थीम: एक निवडा आणि हात लावू नका

साधी, मजकुराला प्राधान्य देणारी थीम घ्या. ह्यूगोच्या अधिकृत सुरुवातीच्या धड्यातली ‘अनांके’ चालेल. थीम ‘थीम्स’ फोल्डरात ठेवायची आणि सेटिंगमध्ये तिचं नाव द्यायचं. हे नाव थीमच्या फोल्डरच्या नावाशी तंतोतंत जुळलं पाहिजे. झिप उतरवून उघडली की फोल्डरच्या नावाला ‘-मेन’ किंवा ‘-मास्टर’ चिकटलेलं असतं. ते काढा. झिपच्या आत फोल्डरात आणखी एक फोल्डर असेल तर आतला बाहेर आणा.

थीमच्या फाइलीत थेट बदल करू नका. समजा लेखाचा तळ बदलायचा आहे. तळाची ती फाइल थीमच्या ‘लेआउट्स’मधून उचलून तुमच्या मुख्य ‘लेआउट्स’मध्ये त्याच उपफोल्डरात, त्याच नावाने ठेवा आणि तिथे बदल करा. ह्यूगो आधी तुमची फाइल बघतो, मग थीमची. अशाने थीम नव्याने उतरवली तरी तुमचं काम शाबूत राहतं.

तपासणी: ‘ह्यूगो सर्व्हर’ चालवा आणि ब्राउझरमध्ये ‘लोकलहोस्ट:१३१३’ उघडा. साइटच्या नावासह पान दिसलं पाहिजे. कोरं पान आलं, किंवा टर्मिनलमध्ये ‘लेआउट फाइल सापडली नाही’ अशा अर्थाचा इशारा आला, तर थीमचं नाव किंवा जागा चुकली आहे.

## ५. पहिला लेख

प्रत्येक लेखाला स्वतःचा फोल्डर द्या आणि त्यात ‘इंडेक्स.एमडी’ या नावाने मजकूर ठेवा. उदाहरण भिगवणच्या रोहित पक्ष्यांवरच्या लेखाचं घेऊ: कंटेंट, त्यात पोस्ट्स, त्यात ‘भिगवण-रोहित’, त्यात इंडेक्स.एमडी. ‘ह्यूगो न्यू कंटेंट’ आणि पुढे हा मार्ग दिला की फाइल तयार मिळते. या रीतीचा फायदा असा की लेखाचे फोटो त्याच फोल्डरात राहतात.

सावधान: इंडेक्स.एमडी फक्त लेखाच्या फोल्डरात. ती थेट ‘पोस्ट्स’मध्ये ठेवलीत, तर ह्यूगो अख्ख्या पोस्ट्सला एकच लेख समजतो आणि आतले बाकीचे सगळे लेख साइटवरून नाहीसे होतात. पोस्ट्सच्या यादीच्या पानाला शीर्षक किंवा प्रस्तावना हवी असेल तर फाइलचं नाव अंडरस्कोरने सुरू करा: ‘_इंडेक्स.एमडी’. एका अंडरस्कोरचा फरक, पण अर्थ पूर्ण वेगळा.

फाइलीच्या डोक्यावर, तीन अधिक चिन्हांच्या दोन ओळींमध्ये, लेखाची माहिती असते: टाइटल, डेट, ड्राफ्ट. मराठी लिहिणाऱ्यांच्या चुका इथे दाटीने होतात.

- आकडे: मराठी कीबोर्डवर तारीख देवनागरी आकड्यांत टाइप होते. ह्यूगोला ती कळत नाही. तारखेपुरते इंग्रजी आकडे.
- अवतरणचिन्हं: वर्डमधून किंवा मोबाइलवरून आलेली वळणदार चिन्हं चालत नाहीत. सरळ चिन्हंच हवीत.
- विसर्गासारखी खूण: माहितीचा भाग तीन हायफनांमध्ये, म्हणजे यामल या दुसऱ्या पद्धतीने लिहीत असाल आणि शीर्षकात अपूर्णविराम आणि त्यापुढे मोकळी जागा असेल, तर पूर्ण शीर्षक अवतरणात घ्या. नाहीतर तिथेच वाक्य तुटतं.
- ड्राफ्ट: नव्या फाइलीत हे ‘ट्रू’ असतं. असा लेख साइटवर जात नाही. लेख पुरा झाला की ‘फॉल्स’ करा.

आता तारखेचं. ह्यूगो पुढच्या वेळेचा लेख प्रकाशित करत नाही, हे योग्यच आहे. पण टाइमझोनचं सेटिंग नसेल आणि तारीख तुम्ही हाताने लिहिली असेल, तर ह्यूगो ती वेळ जागतिक प्रमाणवेळ धरतो. १४ जूनला सकाळी १० वाजता लेख लिहून ‘१०:००’ टाकलंत, तर त्याच्या मते तो आपल्याकडच्या दुपारी ३:३० चा आहे. तोवर लेख दिसणार नाही. माणूस तीन तास फाइल उलटीपालटी करतो, थीम बदलतो, आणि मग दुपारी लेख आपोआप ‘नीट’ होतो. कारण मात्र कळत नाही. आज्ञा देऊन बनवलेल्या फाइलीत वेळेच्या पुढे तुमच्या संगणकाचा फरक लिहिलेला असतो, म्हणून तिथे ही अडचण येत नाही. हाताने लिहिणाऱ्यांनी दुसऱ्या टप्प्यातली टाइमझोनची ओळ न विसरता घालावी.

पुढची तारीख टाकली की लेख त्या दिवशी आपणहून चढेल, असंही नाही. त्या तारखेनंतर साइट पुन्हा बनवावी लागते.

तपासणी: लेख दिसत नसेल तर ‘ह्यूगो लिस्ट ड्राफ्ट्स’ आणि ‘ह्यूगो लिस्ट फ्यूचर’ या दोन आज्ञा चालवा. तो बहुधा यांपैकी एका यादीत सापडतो.

## ६. फोटो

लेखाच्या फोल्डरातल्या फोटोचं नुसतं फाइलनाव लिहिलं की पुरतं. लोगोसारखे सगळीकडे लागणारे फोटो ‘स्टॅटिक’मध्ये ठेवा, पण दुवा देताना ‘स्टॅटिक’ हा शब्द लिहू नका. त्या फोल्डरातला माल साइटच्या मुळाशी कॉपी होतो.

नावं बदलून घ्या. व्हॉट्सॲपवरून उतरवलेल्या फोटोच्या नावात मोकळ्या जागा असतात आणि त्यांनी मार्कडाउनचा दुवा तुटतो. अक्षरं सगळी लहान ठेवा, शेपटासह. विंडोज लहान आणि मोठं अक्षर एकच मानतं, बहुतेक सर्व्हर तसं मानत नाहीत. ‘घरी दिसतो, साइटवर नाही’ या तक्रारीमागे बऱ्याचदा कॅपिटल जेपीजी असतं.

फोनचा फोटो कित्येक एमबींचा असतो. रुंदी १२०० पिक्सेलच्या आसपास आणून मग ठेवा.

सावधान: लेखाच्या फोल्डरातली जवळपास प्रत्येक फाइल साइटवर जाते, लेखात तिचा उल्लेख नसला तरी. कच्चा मसुदा, मुलाखतीचं ध्वनिमुद्रण, कुणाचं ओळखपत्र, यातलं काहीही तिथे राहू देऊ नका. फोटोही जसाच्या तसा कॉपी होतो, म्हणजे फोनने त्यात नोंदवलेलं ठिकाणही सोबत जातं. घराचे आणि मुलांचे फोटो असतील तर ती माहिती आधी काढून टाका.

## ७. साइट बनवणं आणि चढवणं

लिहिताना ‘ह्यूगो सर्व्हर’ला हायफन आणि कॅपिटल डी जोडला की ड्राफ्टही दिसतात. सोयीचं आहे, पण शेवटची पाहणी डीशिवाय करा. जे डीशिवाय दिसतं तेच लोकांना दिसणार आहे.

मग क्रम असा:

१. सर्व्हर बंद करा.
२. पब्लिक फोल्डर पूर्ण पुसा. ह्यूगो जुनी पानं आपणहून काढत नाही. काढून टाकलेला लेख उघडत राहतो तो यामुळेच.
३. नुसतं ‘ह्यूगो’ लिहून साइट बनवा आणि टर्मिनलमधले इशारे वाचा.
४. पब्लिकमधली मुख्य इंडेक्स फाइल एडिटरमध्ये उघडून ‘लोकलहोस्ट’ शोधा. तो शब्द सापडला तर ती प्रत सर्व्हरने बनवलेली आहे. दुसऱ्या पायरीपासून पुन्हा करा.

पब्लिकमधल्या फाइलीवर डबल-क्लिक करून साइट कशी दिसते ते बघू नका. तशी ती बहुधा सजावटीशिवाय उघडते आणि विनाकारण घाबरायला होतं. तिला सर्व्हर लागतो.

चढवण्यासाठी पहिल्यांदा हाताने करण्याची पद्धत घ्या, असा माझा आग्रह आहे. नेटलिफाय या होस्टिंगच्या साइटवर पब्लिक फोल्डर ओढून टाकला की साइट उभी राहते. फक्त तिथला पत्ता आधी माहीत नसतो. म्हणून एकदा चढवा, सेटिंगमध्ये साइटचं नाव पक्कं करा, ते बेसयूआरएलमध्ये लिहा, साइट पुन्हा बनवा आणि पुन्हा चढवा. स्वतःचं होस्टिंग असेल तर पब्लिक फोल्डर नव्हे, त्याच्या आतला सगळा माल ‘पब्लिक_एचटीएमएल’मध्ये टाका. लेख काढलात तर सर्व्हरवरचा त्याचा फोल्डरही हाताने काढा.

गिटहब पेजेसवर (गिटहबची होस्टिंगची सोय) गेलात तर तीन गोष्टी बघा. भांडाराच्या (रिपॉझिटरी, म्हणजे गिटहबवरचा तुमचा फोल्डर) नावाची साइट असेल तर पत्त्याच्या शेवटी ते नाव येतं आणि ते बेसयूआरएलमध्येही हवं. थीम गिटने (फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) नुसती क्लोन, म्हणजे नक्कल, केली असेल तर गिटहबवर तिचा फोल्डर रिकामा जातो. ती ‘सबमॉड्यूल’ म्हणून, म्हणजे दुसऱ्या भांडाराचा दुवा म्हणून, जोडा. आणि साइट तिथेच बनवून घेणार असाल तर पहिल्या टप्प्यात लिहून ठेवलेला ह्यूगोचा आकडा तिथल्या सेटिंगमध्ये द्या. मोफत खात्यावर भांडार खुलं असावं लागतं, तेव्हा मसुदेही लोकांना दिसतात हे लक्षात असू द्या.

तपासणी: साइट फोनवर, मोबाइल डेटावर उघडा. मुख्य पान, एक लेख, एक फोटो, एका टॅगचं (लेखाला दिलेली विषयाची खूण) पान, चारही.

## ८. मराठी अक्षरांची डागडुजी

हे शेवटी, कारण याआधी केलं तर थीम बदलताना वाया जातं. परदेशी थीममध्ये शीर्षकांच्या अक्षरांत अंतर सोडलेलं असतं. देवनागरीत त्याने शिरोरेघ तुटते आणि शब्द सुटी अक्षरं वाटतात. बऱ्याच थीममध्ये स्वतःची सीएसएस, म्हणजे सजावटीची, फाइल जोडायची सोय असते. तिच्यात ‘लेटर-स्पेसिंग’ नॉर्मल करा, ओळींची उंची १.७ च्या आसपास ठेवा आणि मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरीसारखा फॉन्ट द्या.

टॅगची यादी एका फाइलीत लिहून ठेवा आणि तिथूनच कॉपी करा. ‘दऱ्या’ हा शब्द दोन प्रकारे टाइप होतो: खाली टिंब असलेला ऱ वापरून, किंवा साध्या र नंतर एक अदृश्य जोडचिन्ह घालून. डोळ्यांना दोन्ही सारखेच. ह्यूगोसाठी ते दोन वेगळे टॅग आहेत. फोनवर लिहिलेले लेख एका पानावर जमतात आणि संगणकावर लिहिलेले दुसऱ्या.

पुढे कधी फोल्डरचं नाव बदलावंच लागलं, तर लेखाच्या माहितीत ‘एलियसेस’ची ओळ घालून जुना पत्ता लिहा. ह्यूगो जुन्या जागी एक छोटं पान ठेवतो आणि वाचक तिथून नव्या पत्त्यावर पोचतो. साइट बनवल्यावर जुना दुवा स्वतः उघडून बघा.